दोन सीटांमधलं खोकं

आमच्या मालकांचं उजवं अंग गेलं, त्याच वेळी बोलणंही गेलं. डोकं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात. असेल. विचारून खात्री करता येत नाही.

त्याआधी जन्मभर ते गाडी चालवायचे. गोल पाठीची पांढरी गाडी, पूर्वी पुढाऱ्यांच्या दारात उभी असायची तसली. मिरजगाव ते नगर भाडं मारायचे. पुढची सीट अखंड, बाकड्यासारखी. गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच होता, त्यामुळे मधे बसणाऱ्याच्या पायात काही यायचं नाही.

त्यांना झटका आल्यावर ही सीटच कामाला आली. ते खिडकीशी बसायचे, डाव्या हातानं वरची कडी धरायचे, आणि मधे मी. गाडी हलली की त्यांचं अंग उजवीकडं कलायचं, ते माझ्यावर यायचं. भिंतीला पोतं टेकवावं तसं. चालवायला पुतण्या असायचा. असे आम्ही नगरला व्यायामाच्या दवाखान्यात जायचो आणि सवडीनं राहात्याला, त्यांच्या बहिणीकडं.

दुसरा कुठला इलाज नव्हता. मागं बसवलं की ते ओकतात. पुढचा रस्ता दिसला तरच पोटात काही राहतं. रिक्षातून घसरले होते. जीपमध्ये पाय उचलेना. अँब्युलन्समध्ये आडवं घातलं तर असे ओरडले की गल्ली गोळा झाली.

राहात्याची बहीण त्यांच्याहून मोठी. आई लवकर गेली, हिनंच यांना वाढवलं. आता ती अंथरुणाला खिळली आहे. फोनवर तिचं एकच बोलणं, "आण गं त्याला एकदा. मला काय येववत न्हाई आन माझं काय खरं न्हाई." मी फोन त्यांच्या कानाला लावते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. झटक्यानंतर ते कशानंही येतं, त्यामुळे मी त्याचा फार अर्थ लावत नाही. पण फोन ठेवला की ते डावा हात दाराकडं करतात. त्याचा अर्थ मला कळतो.

अशात पोराच्या मनात आलं की गाडी नवी करायची. पोरगा पुण्याला नोकरीला आहे. म्हणाला, "अण्णांची गाडी हाय ती. सडू द्यायची का? पहिल्यासारखी करून देतो." नगरच्या गॅरेजला गाडी नेली. पत्रा खरवडला, गंज कापला, रंग मारला. गाडी महिनोन्महिने तिकडं आणि मालक इकडं अंगणात खुर्चीवर. दवाखाना सुटला. राहात्याचा फोन येत राहिला.

गाडी आली तेव्हा दिसायला फार चांगली होती, खोटं कशाला बोलू. मालकांना खुर्चीसकट उचलून जवळ नेलं. त्यांनी डाव्या हातानं बॉनेट चाचपलं. पोरानं फोटो काढले. मी दार उघडून आत वाकले. अखंड सीट नव्हती. दोन सुट्या खुर्च्या होत्या, मधे उघडा पत्रा, आणि स्टेअरिंगवरचा गिअरचा दांडा आता त्यातून वर आलेला.

"सीट कुठं गेली?"

"आई, तिच्या स्प्रिंगा गेल्या होत्या. या नव्या बघ, पाठीला कसा आधार हाय. अण्णांसाठीच घेतल्या."

"आन मी कुठं बसायचं?"

"मागं बस की ऐसपैस. जन्मभर अवघडून बसलीस. मधे आता कन्सोल बसवायचाय."

कन्सोल म्हणजे खोकं. पुण्याहून पार्सलनं आलं. वरून काळं रेक्झिन, उघडायला झाकण, पाण्याच्या बाटल्यांना दोन भोकं, मोबाईल चार्ज करायची सोय. हायवेवरचा फिटर रविवारी घरी आला. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी केली. मालकांना बघायला बसवलं.

फिटरनं आधी पुठ्ठा कापून माप घेतलं. मी म्हटलं, "आधी यांना सीटवर बसवा. मग काय ठोकायचं ते ठोका."

तो हसला. "मावशी, गाडीचं माप घेत्यात. बाप्याचं न्हाई."

"झंपर शिवताना बाईचंच घेत्यात ना?"

"झंपर चुकला तर उसवता येतो."

"मग ह्ये उसवता येईल का?"

"ह्ये उसवायची येळ आली तर मला बोलवा. तवा चहा डबल घीन."

पोरगा म्हणाला, "आई, अण्णा किती खूश हायेत, बघ तरी."

मी बघितलं. अर्धं तोंड हलत नाही, त्यावर खुशी कुठं बघायची? पोरानं त्याला पाहिजे ते वाचलं. मी मला पाहिजे ते वाचलं असणार. म्हणून जवळ जाऊन विचारलं, "खोकं बसवू द्यायचं का? नको असंल तर हात हलवा." हात हलला. पण नाकावर माशी होती.

गाडीच्या तळाच्या पत्र्याला मधे उंचवटा असतो, त्यावर खोकं नीट बसेना. फिटरनं बूड कानशीनं घासलं, परत ठेवलं, परत घासलं. मग नव्या रंगात ड्रिल घातलं. पत्र्याचा कीस उडाला तसा मालकांच्या घशातून आवाज आला. पोरगा म्हणाला, "काही होत न्हाई अण्णा, रंगाचा हात मारून घेऊ." रंगासाठीच आवाज केला, असं त्यानं धरलं. तसं नाही, हे मीही सांगू शकत नव्हते.

दोन पट्ट्या पत्र्याला आवळल्या, वायर गालिच्याखालून ओढली, गिअरच्या दांड्यावरून खोकं खाली सोडलं. ते डुगडुगत होतं. फिटर म्हणाला, "मावशी, तिकडून गुडघा द्या. दाबून धरा." मी धरलं. हो ना करत बसले असते तर त्यानं पोराला बोलावलं असतं, एवढाच फरक. त्यानं स्क्रू पिळले. खोकं असं बसलं की हातानं हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहात्याला निघायचं ठरलं. फोनवर बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "खिचडी टाकायला सांगते. त्याला मऊच लागती."

पोरानं यांना उचलून सीटवर ठेवलं, पट्टा लावला. पट्टा डाव्या खांद्यावरून येतो आणि यांचं अंग जातं उजवीकडं. गावाबाहेर पडेपर्यंत ते पट्ट्यातून निसटून खोक्यावर कलले. पोरानं डाव्या हातानं त्यांना सावरलं. पण गिअरही डाव्या हातानंच टाकायचा. गिअर टाकायला हात सोडला की ते खाली, गिअर पडला की परत वर. मी मागून बगलेत हात घातले. नव्या सीटची पाठ उंच, माझे हात आखूड. गतिरोधक आला आणि हात सुटले. त्यांचं कपाळ झाकणाच्या कडेला लागलं.

पोरानं गाडी बाजूला घेतली. उशी लावून बघितली, घसरली. मग म्हणाला, "आई, तुझ्याकडं पंचा हाय ना?"

पंचा त्यांच्या छातीवरून घेतला, सीटच्या पाठीमागून फिरवला आणि दाराच्या बाजूला आणून मी गाठ मारली. बरोबर बसला. ते ताठ राहिले. पोरगा खूश झाला, म्हणाला, "हे आधीच सुचायला पाहिजे होतं." गाडी निघाली.

रुईछत्तिशी मागं पडलं तेव्हा मला दिसलं. डावा हात त्यांनी कडीवरून काढला होता आणि तो गाठीवर होता. एका हातानं गाठ सोडवणं सोपं नाही. नखानं एक पदर उचलायचे, तो निसटायचा, परत उचलायचे. मी बघत बसले. गाठ सुटली. ते खोक्यावर पडले, गाल रेक्झिनवर.

गाडी थांबवून मी परत बांधलं. जरा कडक. गाडी हलायच्या आधीच हात गाठीवर गेला.

"आई, सुटणार न्हाई अशी मार की."

"बैल हाय का?"

"अगं, पण आत्या वाट बघतीय. दीड-दोन तासांचा तर प्रश्न हाय. अण्णा रडतील थोडे, पण पोचतील तरी."

"मग तू बांध."

त्यानं पंचा हातात घेतला. बापाच्या छातीवरून नेला. मालकांनी त्याचं मनगट धरलं आणि सोडेनात. ते त्याच्याकडं बघतही नव्हते. समोर रस्त्याकडं बघत होते. चांगल्या हाताला अजून जोर आहे. पोराचं मनगट लाल झालं.

त्यानं पंचा ठेवून दिला. "मी ह्ये खोकं काढून टाकतो. जुनी सीट बसवतो परत."

"हाय कुठं ती सीट?"

त्यानं लाल झालेलं मनगट चोळलं. मग म्हणाला, "भंगारात घातली गॅरेजवाल्यानं. मीच हो म्हणालो."

"आन ह्यो दांडा? मी काय त्यावर बसू?"

त्यानं डोकं स्टेअरिंगला टेकलं. "मी काय करायला गेलो, आई."

"चांगलंच करायला गेलास. वळव गाडी."

परत येताना त्यांना मागं माझ्याशेजारी घेतलं. ते माझ्यावर टेकले आणि मांदळीच्या आसपास माझ्या लुगड्यावर ओकले. मी पंच्यानं पुसलं. पोरगा आरशातून बघायचा, मी बघितलं की नजर काढून घ्यायचा.

घरी यायच्या आधीच राहात्याचा फोन वाजला.

"कुठवर आला गं? खिचडी झाली. निघालाय ना?"

"निघालो होतो," मी म्हटलं.