सगळ्या चुका संतोषच्या

चटईच्या कारखान्यात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक प्लास्टिकचा चुरा आणि दुसरे किस्से. चुरा निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून ते आमच्याकडेच साठतात आणि चहाच्या सुट्टीत रोज थोडे थोडे बाहेर पडतात.

मी जळगावच्या एमआयडीसीत अशाच एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. माल कोणत्या गाडीत चढला आणि कुठे उतरला, याला जबाबदार मी. निदान म्हणायला तरी. खरं सांगू का, आमच्याकडे जबाबदारी सगळी एकाच माणसाकडे होती. तो म्हणजे संतोष.

संतोष तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून सुरतला गेला. तरीही भुसावळचा ट्रक मुक्ताईनगरला पोचला की गाडी संतोषने भरलेली असायची. चटईचा रंग फिका आला की प्लास्टिकचा दाणा संतोषने मिसळलेला असायचा. आमचे शेठ धुळ्याला बसतात. ते फोनवर विचारायचे, चूक कोणाची? आम्ही सांगायचो, संतोषची. त्याला जरा समज द्या, असं म्हणून शेठ फोन ठेवायचे.

यंदा दिवाळीनंतर शेठ वैतागले. इतकी समज देऊनही संतोष सुधारत नाही म्हणजे काय! त्यांनी पुण्याहून पेंडसे साहेबांना मॅनेजर म्हणून आणलं आणि बजावलं, संक्रांतीपर्यंत ही माणसं आपली चूक आपण मान्य करायला शिकली नाहीत, तर दुसरी पाळी बंद.

पेंडसे साहेबांनी पहिल्याच दिवशी संतोषला केबिनमध्ये बोलावलं. कोणी हलेना. शेवटी पॅकिंगचे नाना, आमच्यात सगळ्यात जुने, त्यांनी खरं काय ते सांगितलं. साहेब पाणी प्यायले. मग म्हणाले, "हे शेठना कळवलं तर दुसरी पाळी आजच बंद होईल." आणि त्यांनी कळवलं नाही. माणूस बरा आहे, हे आम्हाला तिथेच कळलं.

*

दुसरी पाळी म्हणजे रफिकभाई. मागांवर त्यांचा हात असा की बिघडलेला माग त्यांना बघून चालू होतो म्हणतात. पण चूक? त्यांची चूक कधी नसायचीच. त्यांच्याकडे संतोषचीसुद्धा नसायची. त्यांच्याकडे लाईट गेलेली असायची.

एकदा चटईवरचे मोर सगळे डोकं खाली, पाय वर असे निघाले. साहेबांनी विचारलं. रफिकभाई म्हणाले, लाईट गेली होती. साहेब समजावून सांगायला लागले की लाईट गेली तर माग बंद पडेल, मोर कसा उलटा होईल?

रफिकभाईंनी शांतपणे सांगितलं, "गेली तेव्हा सरळ होती साहेब. आली तेव्हा उलटी आली."

*

साहेबांनी मीटिंग घेतली. चूक कबूल करा, शिक्षा होणार नाही, असं तीन भाषांत सांगितलं. सगळे छताकडे बघत बसले. मग नाना उठले. नाना धुळ्याकडचे. ते म्हणाले, आमच्या गावात एखाद्याचा बैल दुसऱ्याच्या शेतात शिरला तर भांडण करत नाहीत. बैलवाला शेतवाल्याला भरीत खाऊ घालतो, विषय संपतो.

साहेबांना वाटलं, वा, टीम बिल्डिंग! नियम झाला. ज्याची चूक, त्याची भरीत पार्टी. थंडीचे दिवस, जवळच्या आसोद्याची भरताची हिरवी वांगी बाजारात उतरलेली. नियमाला याहून चांगला मुहूर्त नव्हता.

*

पहिला मान नानांनाच मिळाला. त्यांच्या चपला हरवल्या. दिवसभर अनवाणी फिरत ते पहिल्या पाळीवर संशय घेत होते, आणि जुन्या सवयीने मध्येमध्ये संतोषवरही. संध्याकाळी मुक्ताईनगरच्या व्यापाऱ्याचा फोन आला. चटईच्या गठ्ठ्यात चपलांचा जोड निघाला आहे, ही स्कीम आहे का?

नानांनी आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग आपल्या अहिराणीत म्हणाले, "मनी चूक शे. वांगा सांगा."

रविवारी नशिराबादला एका शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, मुसळाने ठेचली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ली. इतकं झकास भरीत झालं की पुढच्या आठवड्यात चुकांचा नुसता पूर आला. माणसं एकमेकांच्या चुका हुंगत फिरायला लागली. ज्याची चूक सापडत नव्हती त्याच्याकडे सगळे चिकट माणसाकडे बघावं तसं बघायचे.

*

सगळ्यात जास्त डोळा होता पेंडसे साहेबांवर. पण त्यांची चूक सापडेना. आमची निराशा होत चालली होती.

मग त्यांनी वक्तशीरपणावर मीटिंग ठेवली आणि पुण्याहून येताना रेल्वेत झोपून जळगावच्या पुढे थेट भुसावळला उतरले. मीटिंग संपल्यावर पोचले. दारातच उभं राहून म्हणाले, चूक माझी. असा टाळ्यांचा कडकडाट आमच्या कारखान्यात पंधरा ऑगस्टलासुद्धा होत नाही.

साहेबांनी हॉटेलात पनीरची पार्टी देतो म्हटलं. नाना म्हणाले, पनीरने चूक फिटत नाही. साहेब बिचारे बाह्या सरसावून वांगी भाजायला बसले, पण वांग्याला टोचे मारायचे असतात हे पुण्याच्या माणसाला कोण सांगणार? पहिलंच वांगं फटकन फुटलं, ते साहेबांच्या चष्म्यावर. वांगं वाया घालवणं ही नवी चूक, असा निकाल जागेवरच लागला. पुढच्या रविवारीही साहेबांचीच पार्टी झाली.

*

सगळ्यांच्या पार्ट्या झाल्या, रफिकभाईंची नाही. ते दर रविवारी यायचे, चवीने खायचे, निमूट जायचे. पहिल्या पाळीची पोरं चिडवायची की दुसऱ्या पाळीत माणसं नाहीत, देव काम करतात.

एकदा गाडी भरताना मीच त्यांना विचारलं. रफिकभाई, एवढं काय अवघड आहे? ते दोरीची गाठ आवळत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, तुम्ही चूक कबूल केली तर भरीत. आम्ही केली तर पाळी बंद. शेठला कारणच पाहिजे."

माणूस हट्टी नव्हता, घाबरलेला होता, आणि त्याच्यामागे पाळीतली सगळी घरं होती. आम्ही इतके दिवस हसत होतो त्याचं वाईट वाटलं.

*

संक्रांतीच्या तोंडावर शेठ आले. धुळ्याहून गाडीने आले आणि गाडीतूनच एक चटई खाली टाकली. मोठ्या ऑर्डरमधली. रुंदीला वीतभर कमी. अख्खा माल परत आला होता.

शेठनी सगळ्यांना गोळा केलं. चूक कोणाची ते आत्ताच्या आत्ता सांगा, नाहीतर उद्यापासून एकच पाळी. पेंडसे साहेबांचा चेहरा पडला. आणि रफिकभाई पुढे आले.

"माग मी लावला शेठ. सांगितलेलं माप मला कमी वाटलं होतं, मी परत विचारलं नाही. चूक माझी."

लाईटचं नाव नाही! आम्ही बघतच राहिलो. त्यांना एकटं कसं सोडायचं? नाना म्हणाले, गठ्ठे बांधताना माझ्या लक्षात आलं नाही, चूक माझी. गाडी मी भरली होती, तेव्हा मीही पुढे झालो. पहिल्या पाळीची पोरं तर भांडायलाच लागली, गेल्या रविवारी तुझी होती, या वेळी माझी चूक! शेठ या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते.

पेंडसे साहेबांनी हळूच विचारलं, "पण रफिकभाई, माप सांगितलं कोणी?"

रफिकभाई जमिनीकडे बघायला लागले. माप फोनवर आलं होतं. धुळ्याहून. खुद्द शेठचा फोन होता, आणि तो स्पीकरवर आमच्यापैकी निम्म्या लोकांनी ऐकला होता.

शेठ खाकरले. इकडे तिकडे बघितलं. रुमालाने मान पुसली.

"ते... संतोषने सांगितलं असेल."

कोणी हसलं नाही. नाना अदबीने पुढे झाले. "शेठ, संतोषनी नोकरी सोडी त्याले तीन वरीस व्हयी ग्यात."

शेठनी खाली वाकून त्या चटईची गुंडाळी करायला घेतली. तेवढ्यात रफिकभाईंनी खिशातून फोन काढला आणि आसोद्याच्या वांगीवाल्याचा नंबर लावला.

"वांगी किती सांगू, शेठ?"

*

रविवारी शेठ नशिराबादच्या शेतात पांढरी पँट घालून धुरापुढे बसले होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी. वांग्यांना टोचे मारायला पेंडसे साहेब शेजारी, अनुभवी माणूस म्हणून. रफिकभाईंनी धीर करून विचारलं, उद्या दुसऱ्या पाळीचं कसं करायचं?

"रोज येता तसे या," शेठ वांगं फिरवत म्हणाले. "आणि आज मला काही विचारू नका. आज माझी चूक चालू आहे."

रफिकभाईंनी तोंड दुसरीकडे फिरवून डोळे पुसले. धूर त्या बाजूला नव्हता.

पंगत बसली तेवढ्यात बांधाजवळ एक मोटरसायकल थांबली. सुरतहून गावी आलेला एक माणूस उतरला. म्हणाला, सगळे इथे आहेत असं कळलं, म्हटलं भेटून जावं. नानांच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"संतोष!" त्यांच्या तोंडून निघालं.

आम्ही जुने उठलोच, पण गेल्या दोन वर्षांत लागलेली, त्याला कधी न पाहिलेली पोरंसुद्धा ताट खाली ठेवून उठली. पेंडसे साहेबांनी हात जोडले. शेठ राखेने भरलेले हात झटकत लगबगीने पुढे गेले, त्याला हाताला धरून स्वतःच्या जागेवर बसवलं आणि स्वतःच्या हाताने भरीत वाढलं.

संतोष दोन घास खाऊन माझ्या कानाशी लागला.

"भाऊ, शेठनी माले कधीच देखेल नही. मंग वळखतस कसा?"

मी त्याला आणखी एक भाकरी वाढली.