भिंतीवरच्या कागदाची शेवटची ओळ

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. विषय निघाला की उठून अंगणात जायचो. आता ऐंशी पार केली. तुमच्याही घरात कुणी या आजाराशी झगडत असेल, म्हणून लिहितो.

नव्वदीच्या दशकात नगरला डॉक्टरांनी सांगितलं, "ब्रेस्ट कॅन्सर आहे. ऑपरेशन, मग सहा केमो." केमो म्हणजे सलाइनमधून जाणारं जहाल औषध. ते रोगाबरोबर रक्तातल्या चांगल्या पेशीही मारतं. सुमनने, माझ्या बायकोने, नुसती माझी बाही घट्ट धरली.

वॉर्डात साळवे सिस्टर होत्या. इंग्रजीतले नियम त्यांनी स्वतः मराठीत लिहून भिंतीला चिकटवले होते. त्यात होतं, ताप असेल तर डोस नाही. तिसऱ्या डोसाला तापामुळे त्यांनी आम्हाला दोनदा परत पाठवलं. संगमनेरहून एसटीने यायचं आणि तसंच परत जायचं. उशिराने रोग पसरेल, या धास्तीने मला झोप नव्हती.

"तुमच्या कागदापायी ही जायची!" मी ओरडलो.

"काका, कागद चिकटवणं सोपं हाय. तुमच्यासारख्याला माघारी धाडणं लई अवघड. डॉक्टर म्हणतात नियम पाळा, तुमी म्हणता सिस्टर खडूस."

पुढच्या खेपेला स्टँडवर उतरलो, तर सुमनचं अंग पुन्हा गरम.

"अहो, सिस्टरला सांगू या."

मी तिला तापाची गोळी दिली. तासभर बाकावर बसवून ठेवलं. वॉर्डात थर्मामीटरमध्ये ताप आला नाही. डोस चढला.

आठव्या दिवशी ती बरळू लागली; तिला पुन्हा नगरला नेलं. न्यूट्रोपेनिया, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संपल्या होत्या. संसर्ग आधीपासूनच असणार, असं म्हणत डॉक्टर सर्वांदेखत सिस्टरवर कडाडले, "ताप नीट बघितला होता का?"

त्या माझ्याकडे वळल्या. "काका, त्या सकाळी तापाची गोळी दिली व्हती का?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्या सुमनची सलाइन बघायला वळल्या.

अकरा दिवस मी अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभा होतो. सुमन वाचली. सिस्टरना मात्र केमोच्या वॉर्डातून काढलं.

पुढच्या डोसाला नव्या सिस्टरने विचारलं, "सकाळपासून तापाची गोळी घेतली का?" मी भिंतीकडे पाहिलं. कागदावर खाली, वेगळ्या शाईत, साळवे सिस्टरच्या अक्षरात तीच ओळ नव्याने लिहिलेली होती. आता तो प्रश्न प्रत्येकाला विचारला जात होता.

तुम्हालाही कुणी विचारलं, तर खरं सांगा.

सुमन त्यानंतर बरीच वर्षं जगली. मी दोनदा हॉस्पिटलात सिस्टरचा पत्ता विचारायला गेलो आणि फाटकातून परतलो. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा त्या वारल्याचं कळलं.

साळवे सिस्टर, व्हय. दिली व्हती. मीच दिली व्हती.