खोक्यातली बाई आणि माझे आबा

माझे वडील यवतहून आमच्याकडं कारेगावला राहायला आले, की तिसऱ्या दिवशी पिशवी भरतात. लेकीच्या घरी जास्त पाय पसरू नयेत, असं त्यांचं म्हणणं. या वेळी मी त्यांच्याकडून रविवारपर्यंतचं कबूल करून घेतलं होतं. पण ते मेलं खोकं मध्ये आलं.

खोकं म्हणजे नवऱ्याला दिवाळीला कंपनीतून मिळालेला प्रश्नमंजूषेचा खेळ. टेबलावर ठेवायचा, सेल घालायचे, की आतून एक बाई बोलायला लागते. ती एक वाक्य सांगणार. ते बरोबर असेल तर हिरवं बटण, चूक असेल तर लाल. दोघांपुढं दोन-दोन बटणं. बरोबर बटण जो आधी दाबेल, त्याला गुण. खेळ लहान पोरांचा, त्यामुळं बाई सगळ्यांनाच अरे-तुरे करायची.

माझे सासरे निवृत्त हेडमास्तर. बाईचं अर्धं वाक्य होतंय न होतंय, तोच यांचं बोट बटणावर. आणि आबा? ते हात मांडीवर ठेवून ऐकत बसायचे. वाक्य संपलं की मान डोलवायचे, चष्मा सावरायचे, मग कुठं बटणाकडं बघायचे.

"आबा, दाबा की!" मी ओरडायचे.

"अगं, बाई बोलती हाय. बोलणाऱ्याचं मधीच तोडून कसं चालंल?"

दोन दिवस आबांच्या नावावर भोपळा. "व्याही, तुमच्यासाठी पाढ्यांचा खेळ आणू का?" सासरे म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. आबाही हसले. पण नंतर बघते तर मागच्या खोलीत धोतराची घडी घालून पिशवीत ठेवतायत.

"उद्या सकाळच्या यष्टीनं निघतो गं. म्हशीचं कोण बघणार तिकडं?"

म्हशीचं माझा भाऊ बघतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते खोकं उचलून उकिरड्यावर फेकावं असं वाटलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी पुन्हा डाव मांडला. आबा नको नको म्हणत बसले. बाई म्हणाली, "वटवाघूळ हा पक्षी..."

सासऱ्यांनी फटकन लाल बटण दाबलं. "सस्तन प्राणी आहे तो!" त्यांनी मलाच ऐकवलं.

"...नाही," बाईनं वाक्य संपवलं. मग भोंगा वाजला. "चुकलास रे चुकलास! आधी पूर्ण ऐकून घे!"

जन्मभर वर्गात हेच ओरडत आलेला माणूस कानापर्यंत लाल झाला. मला मनातून उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू? आबांकडं बघितलं, तर ते भडकलेले.

"ओ बाई!" खोक्यावर बोट रोखून ते म्हणाले. "मास्तर हैत ते. तोंड सांभाळून बोला. आमच्या व्याह्यास्नी अरे-तुरे करायचं न्हाई!"

बाईनं निर्लज्जपणे पुढचं वाक्य सुरू केलं. सासऱ्यांनी खोकं उलटं केलं, सेल काढले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले.

"व्याही," सासरे म्हणाले, "उद्या सकाळची यष्टी..." आणि घसा खाकरत थांबले.

आबा हात मांडीवर ठेवून वाक्य पुरं व्हायची वाट बघत राहिले.

"...नाही."

"बरं," आबा म्हणाले.

मी आत गेले, पिशवीतलं धोतर काढलं आणि थेट बादलीत भिजत घातलं.