हळदीच्या दिवशी नऊची गोळी

"बोलत नाय, जेवत नाय. वरतून हलदीला येनार नाय म्हनते. आता तूच बघ पोरी," बेलपाड्याहून आलेल्या काकू मला म्हणाल्या. शेजारी त्यांची पुतणी नखं कुरतडत बसली होती. तिचं नाव बदलून सानिका ठेवते.

सानिका पंधरा वर्षांची. जन्मापासून एचआयव्ही, माझ्यासारखाच. आईवडील नाहीत, काकूंनी वाढवलं. पनवेलच्या सेंटरमध्ये मी पिअर वर्कर आहे. म्हणजे ज्याला तोच आजार आहे, त्यानं या मुलांशी बोलायचं, धीर द्यायचा. आठवीत शाळा सुटली, परभणीहून इतक्या लांब आले, तरी मला ही नोकरी दिली. याचं अजून नवल वाटतं आणि धाकधूकही कायम असते. गप्प झालेलं मूल पुढे गोळ्याही सोडतं, हे मी पाहिलंय.

काकूंना चहाला पाठवलं.

"मला नाचायचा कंटाळा येतो," सानिका म्हणाली.

"आगरी पोरीला? हळदीचा?"

ती जराशी हसली. मग एकदम सगळं बाहेर आलं. साखरपुड्यात रात्री नऊला तिच्या मोबाइलचा अलार्म वाजला. गोळीची वेळ. नवरी म्हणजे तिची चुलतबहीण ओरडली, "कोन गो तुला रोज नऊला फोन करतो?" सगळे हसले. तिचा आजार नातेवाइकांत काकूंशिवाय कुणाला माहीत नाही. तेव्हापासून हिच्या मनात एकच, सगळ्यांना कळलं. आणि हळद तर नऊलाच रंगात येते.

रोज एकाच वेळी गोळी घ्या, हे आम्हीच पढवतो. मी काउन्सेलर मॅडमकडे गेले. "डॉक्टरांना विचारू? रागावतील का?"

"अगं, खात नाहीत ते. जा."

डॉक्टरांनी फाइल पाहिली. "वेळ एकच हवी. रात्रीचीच हवी असं कोण म्हणालं? हिच्या गोळीला सकाळ चालेल." बदल कसा करायचा तेही त्यांनी तिला नीट समजावलं.

"एवढंच?" सानिका म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र पुन्हा तोंड पडलं. "ताई, पण त्यांना कळलंच असेल तर?"

"कळलं असतं तर हसले असते का? बॉयफ्रेंडचा फोन वाटला असेल त्यांना."

"कोन बॉयफ्रेंड?" दारातून काकू.

सानिका इतकी हसली की मॅडम केबिनमधून डोकावल्या.

पुढच्या भेटीला ती आली, ओठ हलवले, पण आवाज नाही. पुन्हा बोलणं बंद? मी काकूंकडे वळले.

"घाबरू नको," काकू म्हणाल्या. "घसा बसलाय तिचा. हलदीला गानी बोलून बोलून."

सानिकानं मोबाइल पुढे केला. व्हिडिओत कानापर्यंत पिवळी झालेली सानिका बेंजोवाल्या वाजंत्र्यांपुढे नाचत होती. मी गोळ्या तपासल्या. एकही चुकली नव्हती.

आता नवीन मूल आलं की गोळीची वेळ ठरवण्याआधी मी विचारते, त्या वेळेला तुझ्या घरी कोण कोण असतं?