लोखंडाला भिणारा मामेभाऊ

लोखंडाला भिणारी भुतं असतात असं लहानपणी ऐकलं होतं. लोखंडाला भिणारा माणूस मात्र अख्ख्या रायपुरात एकच, आणि तो माझा मामेभाऊ. जिथं सिलतऱ्याच्या लोखंड-कारखान्यांची काळी धूळ वाळत घातलेल्या पापडांनाही सोडत नाही, तिथं राहून लोखंडाशी शत्रुत्व म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. पण त्याचाही इलाज नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये तो काचेवर ऑक्साइडचा डोळ्याला न दिसणारा पातळ थर चढवतो. त्यातले ऑक्सिजनचे काही अणू काढून घेतले की जागा रिकाम्या राहतात आणि लोखंडाचा कणही नसताना थराला चुंबकत्व येतं, असा त्याचा दावा. भीती एवढीच, की चुकून लोखंडाची धूळ शिरली तरी चुंबकत्व दिसणारच! म्हणून पठ्ठ्या प्लास्टिकचाच चिमटा वापरतो आणि खिशात लोहचुंबक बाळगून भेटेल त्याच्या बाह्यांवरून फिरवतो. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तो नवऱ्या मुलाच्या शेरवानीपर्यंत पोचला, तेव्हा मीच त्याचा हात धरला. "दादा, झोपच येऊन नाही राहिली," तो पुटपुटला, "सारी मेहनत धुळीचीच निघाली तं?" त्याचा चेहरा बघून मला रागावताही येईना.

खरी पंचाईत मामांची. त्यांची उभी हयात सिलतऱ्यात भट्टीवर गेली. पोराची लॅब बघायची त्यांना भारी हौस. "मले एकदा दाखवशीन का नाही?" असं विचारलं की हा कासावीस. "बाबा, तुमच्या अंगावर अख्खं सिलतरा हाय नं!" मामा हसायचे. ते हसणं मला बघवायचं नाही.

अखेर कसोटीचा दिवस आला. थर ऑक्सिजनमध्ये तापवून रिकाम्या जागा भरायच्या. चुंबकत्व गेलं तर दावा खरा, राहिलं तर ते धुळीचंच, आणि इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी. मामा अंग घासघासून, गोलबाजारातला कोरा सदरा घालून माझ्यासोबत दाराबाहेर बसले होते. आतून ओरडणं आलं, "गेलं! दादा, गेलं!"

मामा पांढरे पडले. "काय गेलं रे पोराचं?"

जायलाच हवं होतं, हे त्यांना पटवेपर्यंत पोरगा बाहेर आला. लोहचुंबक माझ्या हातात कोंबून म्हणाला, "या बाबा, आत या."

तो एकेक यंत्र समजावत होता, मामा मान डोलवत होते. पण दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. ते दिसलं तसा तो बोलता बोलता थांबला. मग त्यानं आपला प्लास्टिकचा चिमटा पुढे केला. "धरून पाहा नं, बाबा."

"राहू दे बाप्पा," मामा म्हणाले, "नखातलं काळं अजून गेलं नाही." आणि ते हात काही पुढे आले नाहीत.