आर्लिसचा हिरवा स्वेटर

उत्तर डाकोटातल्या एका लहान गावच्या टीव्ही केंद्रावर आर्लिस ट्वेट हवामान सांगायला लागली, तेव्हा तिच्याकडे हवामानशास्त्राची पदवी होती आणि केंद्राचा व्यवस्थापक मर्ल याच्याकडे एक ठाम समजूत. मोठ्या शहरांतले कार्यक्रम बघून बघून ती त्याच्यात मुरली होती: ऊन बाईनं सांगावं, वादळ पुरुषानं. त्यामुळे आभाळ भरून आलं की आर्लिसनं काढलेला अंदाज ड्वेन वाचायचा. एरवी तो खेळाच्या बातम्या द्यायचा. आवाज भारदस्त, पण हवामानातलं ओ की ठो कळत नव्हतं. बिचाऱ्याला खरं तर स्वयंपाकाचा कार्यक्रम हवा होता. त्याच्या हातचे दालचिनीचे पाव खाऊन सगळं केंद्र बोटं चाटायचं. पण मर्लनं "गड्या, लोक हसतील तुला," म्हणून तो विषय कायमचा मिटवला होता.

आर्लिसला लोकांचे फोन येत नव्हते असं नाही. पण ते तिच्या केसांबद्दल, बाह्यांबद्दल, सुटत चाललेल्या अंगाबद्दल. फॉसमबाई नावाच्या एक आजी तर कार्यक्रम संपायचा अवकाश, फोन करायच्या. "पोरी, तो निळा झगा तुला अजिबात खुलत नाही हो!" उद्या थंडी किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आर्लिस हसून घ्यायची आणि घरी जाऊन आरशाशी भांडायची.

त्या फेब्रुवारीत एके सकाळी आभाळ निळंशार होतं. शेतांवर मात्र भुसभुशीत बर्फ पडून होता, आणि दुपारी जोराचा वारा सुटणार हे आर्लिसला नकाशावर स्पष्ट दिसत होतं. असा वारा जमिनीवरचा बर्फ उचलतो. वर ऊन असतं आणि खाली आपल्याच गाडीचं नाक दिसत नाही. त्यातच शाळेच्या मुलींचा बास्केटबॉलचा संघ दुपारी बसनं सामन्याला निघणार होता. तिनं शाळेत फोन केला, तर मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, जरा खिडकीबाहेर बघा."

ती मर्लकडे गेली. "अरे, वादळाचा इशारा द्यायला हवा. ड्वेननं दिला तरी चालेल."

"कसलं वादळ? लख्ख ऊन पडलंय. म्हणजे पाळी तुझी. छानपैकी हसून सांग."

"मी हसले की लोक माझं ऐकत नाहीत, मर्ल."

"बघतात ना? मग झालं तर."

आर्लिसच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक कपाटाशी गेली आणि तळातला लांब हिरवा स्वेटर तिनं बाहेर ओढला. नोकरीच्या पहिल्या वर्षी सेंट पॅट्रिकच्या सणाला सगळं गाव हिरव्या कपड्यांत, म्हणून तीही तो घालून कॅमेऱ्यापुढे उभी राहिली होती. मागची भिंत हिरवी. पडद्यावर त्या भिंतीचा नकाशा होतो, आणि अंगावर तसलंच हिरवं असेल तर त्याचाही. त्या दिवशी गावानं नुसतं डोकं आणि दोन हात पाहिले. त्यावरून तिची भरपूर टर उडवली गेली होती.

दुपारच्या बातम्यांत ती तोच स्वेटर घालून उभी राहिली. काचेपलीकडे मर्ल किंचाळला, "अगं, धड कुठंय तुझं?" ती थांबली नाही, हसलीही नाही. "उन्हाला फसू नका," ती म्हणाली. "जेवणं उरकेपर्यंत वारा येतोय. रस्त्यात असाल तर मागे फिरा. शाळेची बस हलवू नका."

बातम्या संपून थोड्या वेळानं फोन वाजला. फॉसमबाईच होत्या.

"पोरी, आज घातलं होतंस तरी काय?"

आर्लिसनं डोळे मिटले.

"काही दिसेचना बघ! मग काय करणार, तू बोलत होतीस ते ऐकलं. माझी नात आहे त्या संघात. मुख्याध्यापकाला असा फैलावर घेतला! बस थांबवली त्यानं."

तासाभरात गावाबाहेरचा रस्ता दिसेनासा झाला. मुली शाळेच्या हॉलमध्ये पाव खात बसल्या होत्या. ते ड्वेननं आधीच पोचवले होते. आर्लिस स्वच्छतागृहात जाऊन पोटभर रडली. मुली वाचल्या म्हणून आणि आपण दिसलो नाही तेव्हाच लोकांनी आपलं ऐकलं म्हणूनही.

मर्ल मान खाली घालून आला. "यापुढे वादळं तूच सांग. फक्त तो स्वेटर नको. लोकांना तू दिसायला हवीस."

दुसऱ्या दिवशी ती निळा झगा घालून उभी राहिली आणि रस्ते संध्याकाळपर्यंत बंद राहतील, असं तिनं सांगितलं. लगेच फोन वाजला.

"पोरी, कालची गोष्ट वेगळी, पण हा निळा झगा! किती वेळा सांगितलं तुला?"

"आजी, रस्ते बंद आहेत, ऐकलंत ना?"

"कुठले गं रस्ते?"

आर्लिसनं ते सगळं त्यांना पुन्हा एकदा सांगितलं. मग फोन ठेवून तिनं हिरवा स्वेटर कपाटातून काढला आणि हाताशी असावा म्हणून खुर्चीच्या पाठीवर टांगला.