धुक्यातली बैठक

उत्तरेत, जानकीपुरममध्ये आमच्या समोर राहणाऱ्या त्या गृहस्थांना माझा मुलगा ‘नेताजी’ म्हणायचा. त्याच्या शाळेच्या समितीवर पालकांनी निवडून दिलेले ते एकटेच, बाकी सगळे संस्थेचे. तेव्हा मोबाइल नवे होते, पण निवडणूक आली की हे फोन न करता दारावरच यायचे. चहा घ्यायचे, मुलाच्या खोकल्याची चौकशी करायचे आणि मत मागायचं विसरून निघायचे. मग फाटकातून परत फिरून, “भाभीजी, ज़रा ख़याल रखिएगा.”

त्यांचं मागणं एकच होतं. जानेवारीच्या धुक्यात शाळा सातऐवजी नऊला भरावी. रोज सकाळी मफलर गुंडाळून ते शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे आणि कुडकुडत येणाऱ्या पोरांच्या टोप्या कानांवर ओढायचे. समिती मात्र दर वेळी हसून विषय पुढे ढकलायची.

एका जानेवारीत बैठक बोलावण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्यांनी ती सकाळी सातला ठेवली, प्रार्थनेच्या उघड्या मैदानावर. दवाने ओल्या झालेल्या खुर्च्या स्वतः पुसल्या, प्रत्येकाला अदबीने बसवलं. “आज बच्चों के वक़्त पर बैठते हैं,” एवढंच म्हणाले. चहा यायच्या आत ठराव मंजूर झाला.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. नऊच्या शाळेने नोकरीवाल्या पालकांची पंचाईत केली होती. निवडून आलेल्याच्या घरी ते मिठाई घेऊन गेले आणि वेळ तेवढी बदलू नका म्हणाले.

धुकं पडलं की मी अजूनही सातला गच्चीवरून शाळेच्या फाटकाकडे बघते. तिथे एकही पोर नसतं. नेताजींनी एवढंच तर कमावलं.